मशरूमचं औषध बायकांच्या दुखण्यावर चालेल का?

सायलोसायबिन हा पदार्थ काही ठरावीक जातींच्या भूछत्रांत असतो. तो पोटात गेला की अर्ध्या-पाऊण तासात रंग गडद दिसू लागतात, भिंती हलल्यासारख्या वाटतात, जुन्या आठवणी उसळून वर येतात, आणि हे सगळं चार ते सहा तास चालतं. मॅजिक मशरूम म्हणतात ते हेच. परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांत डिप्रेशनवरचं औषध म्हणून त्याचा अभ्यास चालला आहे आणि त्या अभ्यासाच्या अर्ध्यामुर्ध्या बातम्या रीलमधून आपल्याकडे येऊन पोचल्या आहेत. आरोग्यावर लिहिते म्हणून लातूर-परभणीकडच्या ओळखीच्या बायका मला विचारतात, "ताई, पाळीच्या आधी आठ दिवस जीव नकोसा होतो, त्याला ती मशरूमची कॅप्सूल चालती का?" बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीसाठी आयासुद्धा विचारतात.

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्यामागचं दुखणं खरं आहे आणि त्या ज्याबद्दल विचारतात ते संशोधनही खरं आहे. पण संशोधन रीलवर येईपर्यंत त्यातल्या नेमक्या तीन गोष्टी गळून पडतात: मात्रा किती, ती कुणाला द्यायची, आणि देताना शेजारी कोण बसलंय. भूछत्र ही शेवटी बुरशीच, आणि बुरशीचं औषध होतं ते या तीन गोष्टी ठरल्यावरच. याचा दाखला शोधायला लांब जायला नको, तो आपल्या रानात आणि आपल्या दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या खोलीत आहे.

वैजापूर, गेवराई, भूम या भागात बाजरी करणाऱ्यांना अरगट ठाऊक असतो. बाजरी फुलोऱ्यात असताना आभाळ भरून राहिलं, भुरभुर लागून राहिली की कणसावर गुलाबीसर, मधासारखे चिकट थेंब दिसतात. पुढे दाण्याच्या जागी काळपट, टणक गाठी तयार होतात. ही बुरशी. ती दळणात गेली तर भाकरी खाणाऱ्याला मळमळतं, उलट्या होतात, गरगरतं, गुंगी येते. म्हणून पेरणीच्या आधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून बी त्यात टाकतात, वर तरंगणाऱ्या गाठी आणि हलकं बी काढून जाळतात, आणि तळाचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवतात.

युरोपात याच कुळातली दुसरी बुरशी राय नावाच्या धान्यावर येते. तिथल्या सुईणींना कधीच कळलं होतं की या काळ्या गाठी अडलेल्या बाईला दिल्या की कळा जोर धरतात. १५८२ च्या एका जर्मन वैद्यकाच्या ग्रंथात तशी नोंद आहे. १८०८ मध्ये जॉन स्टर्न्स या अमेरिकन डॉक्टरने या भुकटीचं जाहीर कौतुक केलं आणि ती सर्रास वापरात आली. मग काय झालं? एका गाठीत औषधाचा अंश किती हे कुणालाच माहीत नव्हतं. चिमूटभर भुकटीने एकीची सुटका व्हायची, तेवढ्याच भुकटीने दुसरीची गर्भपिशवी अशी आवळली जायची की बाळ आतच गुदमरायचं, कधी पिशवी फाटायची. १८२४ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड होसॅक या डॉक्टरने लिहिलं की हिला बाळंतपणाची भुकटी म्हणण्यापेक्षा मरणाची भुकटी म्हणावं, आणि बाळ जन्मल्यानंतरचा रक्तस्राव थांबवण्यापलीकडे ती वापरू नये. म्हणजे 'कुणाला आणि कधी' हे आधी ठरलं. 'किती' ठरायला आणखी शंभरावर वर्षं गेली. १९३५ मध्ये लंडनमध्ये त्या बुरशीतला नेमका घटक, अर्गोमेट्रिन, वेगळा काढता आला. त्यानंतर स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याची सुधारित आवृत्ती तयार झाली. तीच आपल्याकडची मेथर्जिन.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये ही इंजेक्शनं ठेवलेली असतात. तपकिरी काचेची बोटाच्या पेराएवढी कुपी, आत एक मिलिलिटर औषध, त्यात फक्त ०.२ मिलिग्रॅम मेथर्जिन. काच तपकिरी, कारण उजेडाने औषध खराब होतं. जागा फ्रिजमध्ये, कारण आपल्या उन्हाळ्यात ते बाहेर टिकत नाही. बाळ बाहेर आल्याशिवाय सिस्टर ती कुपी फोडत नाही. बीपी वाढलेल्या बाईला ते देत नाहीत, तिच्यासाठी दुसरं औषध आहे. बाळंतपणानंतर अंगावरून जास्त जायला लागलं आणि डॉक्टरने या इंजेक्शनने आवरलं, अशी बाई आपल्या प्रत्येकीच्या नात्यात निघेल. बुरशीने बाईचा जीव वाचवला तो असा.

आता ही गोष्ट सायलोसायबिनपाशी कशी येते ते बघा. मेथर्जिन तयार करण्यात ज्या रसायनशास्त्रज्ञाचा हात होता त्याचं नाव अल्बर्ट हॉफमन. अरगटाच्या बुरशीवर काम करतानाच त्याने १९३८ मध्ये एलएसडी हा भास घडवणारा पदार्थ बनवला, आणि १९४३ मध्ये तो चुकून अंगात गेल्यावर त्याला त्याचा परिणाम कळला. याच हॉफमनने १९५८ मध्ये मेक्सिकोतल्या भूछत्रांमधून सायलोसायबिन वेगळं काढलं. हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. अर्गोमेट्रिन, एलएसडी, सायलोसायबिन आणि आपल्या मेंदूत-आतड्यात तयार होणारं सेरोटोनिन या चौघांची रासायनिक बैठक एकसारखी आहे. त्यामुळे शरीरात ज्या ठिकाणी सेरोटोनिन जाऊन काम करतं, तिथे हे पदार्थही जाऊन बसू शकतात. सेरोटोनिन मूड, झोप, भूक यांत आहेच, पण गर्भपिशवीच्या स्नायूवर आणि रक्तवाहिन्यांवरही त्याचा परिणाम होतो. गरोदर बाईने असल्या कशालाही हात लावू नये यामागे एक कारण हेही आहे.

ती भूछत्रं हॉफमनपर्यंत पोचली ती एका बाईमुळे, आणि तिचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मेक्सिकोच्या वाहाका प्रांतात, वाउत्ला गावात मारिया साबिना नावाची माझातेक जमातीची वैदू होती. आजारी माणसासाठी ती रात्रभर गात, प्रार्थना करत भूछत्रांचा विधी करायची. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन या अमेरिकन बँकरला तिने त्या विधीत बसू दिलं. दोन वर्षांनी त्याने मासिकात लेख लिहिला आणि नशेच्या शोधात जगभरातून लोकांची रीघ तिच्या गावाला लागली. पोलीस आले, गावकरी तिच्यावर उलटले, तिचं घर जाळलं गेलं. १९६२ मध्ये हॉफमनने तिला कारखान्यात तयार केलेल्या सायलोसायबिनच्या गोळ्या नेऊन दिल्या, तेव्हा यांच्यात भूछत्रांचीच ताकद आहे असं तिने सांगितलं. ज्ञान तिचं होतं, त्याचा भोग मात्र तिच्या वाट्याला आला. आज करोडो डॉलरच्या कंपन्या याच पदार्थावर उभ्या राहताना मला ती आठवत राहते.

तर, हे काम कसं करतं? सायलोसायबिन शरीरात गेल्यावर त्याचं सायलोसिन होतं. ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका विशिष्ट रिसेप्टरवर, म्हणजे सेरोटोनिन जिथे जाऊन चिकटतं त्या जागेवर, बसतं. डिप्रेशनमध्ये मन तेच तेच घोळवत राहतं, 'माझंच चुकलं, माझ्याच्याने काही होत नाही'. काळ्या रानात ओल असताना गाडी गेली की जी चाकोरी पडते, ती वाळल्यावर दुसरं चाकही त्यातच जातं, तसं. मेंदूची स्कॅनिंगं सांगतात की सायलोसायबिनच्या अमलात, माणूस स्वतःविषयी विचार करताना मेंदूचे जे भाग एकत्र काम करतात त्यांचा ताळमेळ काही वेळ सुटतो. संशोधकांचा कयास असा, की त्या सुटलेल्या वेळात आणि पुढच्या काही दिवसांत नवा विचार रुजवायला जागा होते. रुजवायचं काम मात्र समुपदेशनाचं. म्हणूनच चाचणीत आधी काही बैठका होतात, मग मोजून २५ मिलिग्रॅमची कॅप्सूल देतात, सहा ते आठ तास प्रशिक्षित माणसं शेजारी बसून राहतात, बीपी बघत राहतात, आणि नंतर पुन्हा बैठका.

निकाल काय आले? २०२२ मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या २३३ रुग्णांवरची मोठी चाचणी छापून आली. हे सगळे आधीच्या औषधांनी गुण न आलेले रुग्ण होते. २५ मिलिग्रॅम घेतलेल्यांचं डिप्रेशन तीन आठवड्यांनी, नाममात्र १ मिलिग्रॅम घेतलेल्यांपेक्षा स्पष्ट कमी झालं होतं. पण बारा आठवड्यांपर्यंत सुधारणा टिकून राहिली ती साधारण पाचातल्या एकाची. डोकेदुखी, मळमळ, चक्कर हे त्रास झाले, आणि काहींमध्ये आत्महत्येचे विचारही दिसले. त्याआधी २०२१ मध्ये लंडनच्या इंपिरियल कॉलेजने ५९ रुग्णांत सायलोसायबिनची तुलना एस्सिटॅलोप्रॅम या नेहमीच्या गोळीशी केली. ठरवलेल्या मुख्य मोजमापावर दोघांत ठाम फरक निघाला नाही. एस्सिटॅलोप्रॅम आपल्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळतं, हे मुद्दाम सांगते.

खास बायकांबद्दल जे आहे ते अजून तुटपुंजं आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत एनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढेल या भीतीने जेवण तोडण्याचा आजार असलेल्या १० बायकांना एकेक मात्रा दिली, त्यांपैकी चौघींमध्ये तीन महिन्यांनी लक्षणीय सुधारणा होती. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी तीन बायकांचे अनुभव नोंदवले. असे पदार्थ घेतल्यावर त्यांच्या पाळीच्या चक्रात बदल झाला होता, बंद पडलेली पाळी परत आल्याचंही त्यात आहे. रीलवर 'मशरूमने पीसीओडी बरा होतो' असं जे ओरडून सांगतात, त्याच्या बुडाशी शोधत गेलं तर असल्या तिघींच्या कहाण्या सापडतात. तिघींच्या अनुभवावरून संशोधकाला पुढचा प्रश्न मिळतो, औषध मिळत नाही.

तरी प्रश्न महत्त्वाचा आहे, हे मी मनापासून म्हणते. बायकांमध्ये डिप्रेशन पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतं, आणि ते पाळी येण्याच्या वयापासून वाढतं. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं संप्रेरक वरखाली झालं की सेरोटोनिनची यंत्रणाही हलते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तर इस्ट्रोजेनमुळे सायलोसिन जिथे बसतं तेच रिसेप्टर वाढलेले दिसले आहेत. म्हणजे तीच मात्रा पाळीच्या आधी वेगळी आणि नंतर वेगळी लागू पडू शकते. हे तपासायला हवं. पण गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना या चाचण्यांतून सहसा वगळतात, आणि आजवरच्या चाचण्या मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या माणसांवर झाल्या आहेत.

आमच्या मराठवाड्यातली बाई तर त्या कागदावर कुठेच नाही. बीड जिल्ह्याचंच घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात हे २०१९ मध्ये गाजलं, तेव्हा राज्य सरकारने नेमलेल्या समितीने ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली. त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी चाळिशीही न गाठलेल्या. पाळीत सुट्टी घेतली तर मुकादम खाडा धरणार, आगाऊ घेतलेली उचल फिटणार नाही, कोपीवर ना आडोसा ना पाणी, अंगावरून पांढरं जाण्यासारख्या साध्या तक्रारीला 'कॅन्सर होईल' म्हणून घातलेली भीती. पिशवीसोबत अंडाशयही काढलं असेल तर त्या दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू होते. ऐन तिशीत झोप उडते, अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात, मन उदास राहतं. पहाटे फडात उतरणाऱ्या बाईची ती उदासी कुणी मोजली? तिला 'आळस आलाय', 'बाहेरचं काही लागलंय' असं म्हणून मोकळं होतात. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकीने आपल्या डिस्चार्ज कार्डावर अंडाशय ठेवलंय की काढलंय हे वाचून घ्यावं, येत नसेल तर शिकलेल्या लेकराकडून वाचवून घ्यावं. पुढचे उपचार त्या एका ओळीवर ठरतात.

आणि आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या बाळंतिणी. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं, ते दोनेक आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे राहिलं, बाळाची ओढ वाटेना, बाळ झोपलं तरी हिला झोप येईना, तर ते प्रसूतीनंतरचं डिप्रेशन. तिसरा प्रकार फार घातक. हजारातल्या एक-दोन बाळंतिणींना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एकाएकी भ्रम होतात, आवाज ऐकू येतात, झोप लागतच नाही, बाळाबद्दल विचित्र संशय येतात. हा सायकोसिस आहे, तातडीने भरती करावं लागतं. तिला देवऋष्याकडे फिरवण्यात गेलेला एकेक दिवस तिच्या आणि बाळाच्या जिवावर येतो. अशा बाईला, किंवा जिच्या माहेरच्या घरात बायपोलर वा स्किझोफ्रेनिया आहे तिला सायलोसायबिन देणं म्हणजे आजार अंगावर ओढवून घेणं. संशोधक अशा माणसांना चाचणीच्या दारातूनच परत पाठवतात. लिथियम हे मानसिक आजारावरचं औषध चालू असताना असे पदार्थ घेतल्यावर फिट आल्याच्या नोंदी आहेत. अंगावर पाजणारीने ते घेऊ नये.

'मायक्रोडोस', म्हणजे नशा चढणार नाही इतकी थोडी मात्रा पुन्हा पुन्हा घेत राहायची, हा दुसरा प्रचार. २०२१ मध्ये १९१ जणांवर एक अभ्यास झाला. त्यात आपण खरी मात्रा घेतोय की रिकामी कॅप्सूल, हे घेणाऱ्यालाच माहीत नव्हतं. बरं दोन्ही गटांना वाटलं, आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत मायक्रोडोसिंगच्या नावाने विकलेली चॉकलेटं आणि गोळ्या खाऊन अनेक जण दवाखान्यात पोचले. त्यांत वेष्टनावर न लिहिलेले भलतेच पदार्थ निघाले. रानातून उपटून आणायचा विचारही नको. पावसाळ्यात उकिरड्यावर, बांधावर उगवणाऱ्या छत्र्यांत यकृत निकामी करणाऱ्या जाती असतात. त्यांचा त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, मध्येच बरं वाटतं आणि मग कावीळ दिसते. बचत गटाच्या बायका पिकवतात ती धिंगरी अळंबी वेगळी. तिच्यात सायलोसायबिन नसतं, तिची भाजी खुशाल करा.

कायद्याचं थोडक्यात. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याने भारतात सायलोसायबिन बाळगणं, विकणं, तयार करणं गुन्हा आहे. जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जात, संपूर्ण भूछत्राचं वजन अमली पदार्थाचं मिश्रण म्हणून धरता येणार नाही असं म्हटलं. तो मुद्दा वजनाचा होता. त्याने भूछत्र कायदेशीर झालं नाही. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून काही अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना, इतर औषधांनी न हटणाऱ्या डिप्रेशनसाठी ते देता येतं, तेही त्यांच्या देखरेखीखाली.

देखरेखीचा मुद्दा बायकांनी विशेष लक्षात घ्यावा. अशा औषधाच्या अमलात माणूस नकार द्यायच्या स्थितीत नसतो. कॅनडात एमडीएमए या दुसऱ्या औषधाच्या चाचणीत उपचार करणाऱ्यांनीच एका रुग्ण बाईशी गैरवर्तन केल्याचं उघड झालं, आणि २०२४ मध्ये एका शोधपत्रिकेने त्या संशोधनाशी संबंधित तीन लेख मागे घेतले. देशोदेशीचे नियम, कॅमेरे, समित्या असूनही हे घडलं. मग कुणा 'हीलर'ने फार्महाऊसवर बोलावलं तर तिथे काय राखण असणार?

पाळीआधी जीव नकोसा होणाऱ्या त्या ताईला मी सांगितलं ते असं. दोन महिने वहीत तारीख आणि मनाची अवस्था लिहून ठेव. त्रास दर महिन्याला पाळीच्या आधीच येत असेल आणि पाळी सुरू झाली की निवळत असेल, तर ती वही डॉक्टरला दाखव. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या नेहमीच्या गोळ्या या त्रासावर चालतात, कित्येकींना त्या पाळीआधीचे पंधराच दिवस घ्याव्या लागतात. दूध पाजणाऱ्या आईला सर्ट्रालिनसारखं औषध बहुतेक वेळा देता येतं, कारण ते दुधात फार कमी उतरतं. हे डॉक्टरने ठरवायचं. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात, अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, लातूर-नांदेडच्या सरकारी दवाखान्यांत मानसोपचाराची ओपीडी आहे. जायला गाडीभाडं नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

बाळाच्या डोसाला अंगणवाडीत गेलात की आशाताईला बाळंतिणीच्या मनाबद्दलही विचारायला सांगा. १९८७ मध्ये एडिंबरा शहरात तयार झालेली दहा प्रश्नांची यादी यासाठी जगभर वापरतात, पाच-सात मिनिटांचं काम. मागच्या सात दिवसांत हसू आलं का, विनाकारण स्वतःला दोष दिला का, भीती वाटली का, झोप लागली का, असे साधे प्रश्न. सासू आणि नवरा बाहेर थांबले की बाई खरं बोलते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला 'कधीकधी' असं उत्तर आलं, तरी बाकीच्या प्रश्नांचे गुण मोजत बसू नका, त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे न्या आणि रात्री एकटी ठेवू नका.